न्यूयॉर्क किती तासांवर?

प्रश्न : जानेवारीत मुलीकडे न्यूयॉर्कला जायचे आहे. मुंबईहून हवाई अंतर 12,530 किलोमीटर आहे. ताशी 900 ने भागले तर 14 तास येतात, पण तिकिटावर रात्री 1 ला सुटून त्याच सकाळी 7 ला पोचणार असे आहे. खरे किती तास धरायचे? – एक वाचक, खानापूर

उत्तर : साडेसोळा तास. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते (उन्हाळ्यात साडेनऊ). तिथले सकाळचे 7 म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. रात्री 1 पासून मोजा.

आता तुमचे 14 कुठे वाढले ते पाहू. 12,530 हे गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून धरा. 30 सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर 1 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 425 किलोमीटर. दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. तो पश्चिमेला सरळ न जाता पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया करत आइसलँडवरून जातो. भिंतीवरचा सपाट नकाशा इथे फसवतो.

पण विमानाला दोऱ्यावरून जाता येतेच असे नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा घालावा लागला. बेळगावहून पणजीला चोर्ला घाट बंद असला की अनमोडवरून जावे लागते, तसेच हे. वळसा किती पडेल ते कंपनी कुठल्या देशाची यावरही ठरते.

दुसरे कारण वारा. 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात अधिकच. जाताना सरासरी 50 किलोमीटरचा वारा समोरून आला तर 900 चे 850 होतात आणि पाऊण तासावर वेळ वाढतो. परतीला तोच वारा मागून ढकलतो, म्हणून येताना वेळ कमी लागतो.

शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागचे हलल्यापासून पलीकडे थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यात अर्धा-पाऊण तास जातो. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून मुंबई सरळ रेषेत जेमतेम 400 किलोमीटर, तरी तास-सव्वा तास लागतो तो याचमुळे.

सांबऱ्याहून विमानानेच मुंबई गाठणार असाल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. तिकिटे वेगळी असली तर साधारणपणे मुंबईत सामान पट्ट्यावरून उचलून पुन्हा काउंटरवर द्यावे लागते, आणि पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकले तर नव्या तिकिटाचा खर्च तुमच्याच अंगावर पडतो. तरीही वेगळी घेतलीच, तर मध्ये किमान पाच तास ठेवा.