वाहनांविना डोंगरातून सायकल

प्रश्न : मुलाकडे जर्मनीला जाणार आहोत. आम्हा दोघांना चार दिवस सायकलने हिंडायचे आहे, पण मोटारींची भीती वाटते आणि मोठे चढही झेपत नाहीत. कोणता मार्ग निवडावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण निःशंकपणे 'फेनबान' निवडावा. जर्मनीतील आखेनपासून बेल्जियममार्गे लक्झेंबर्गमधील ट्रवाव्हिएर्जपर्यंतचा हा सुमारे 125 किलोमीटरचा डांबरी मार्ग जुन्या रेल्वेच्या जागेवर बांधलेला असल्यामुळे, होहेस फेन-आयफेल या निसर्ग उद्यानाच्या डोंगराळ मुलुखातूनही त्याचा चढ अतिशय सौम्य राहतो. वाफेच्या इंजिनांना तीव्र चढ पेलत नसत, त्याचा हा लाभ. काही ठिकाणी रस्ते ओलांडावे लागतात, तेवढीच वाहनांशी गाठ.

ट्रवाव्हिएर्जहून आखेनकडे यावे, म्हणजे शेवटचा मोठा टप्पा उताराचा मिळतो. दोन्ही टोकांना रेल्वे स्थानक आहे. लक्झेंबर्गच्या सीमेवरील जुना बोगदा वटवाघळांसाठी राखून ठेवला असल्याने तेथे मात्र टेकडीवरून वळसा आहे आणि तेवढा चढ चालत चढण्यात काहीच कमीपणा नाही. मोन्शाऊ या जुन्या गावासाठी एक मुक्काम अवश्य ठेवावा. होहेस फेनच्या पठारावरील पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) दलदल फार नाजूक आहे, म्हणून तेथे आखलेली वाट कृपया सोडू नये.