दोन आठवड्यांची माया मुलांना महागात पडते

प्रिय 'गोंधळलेली',

चर्चचा ग्रुप दोन आठवड्यांसाठी परदेशातल्या एका अनाथाश्रमात चाललाय, तू कितीतरी महिने वर्गणी गोळा केलीस आणि आता जिवलग मैत्रीण म्हणते की अशा ट्रिपांनी मुलांचं नुकसानच होतं. जाऊ की नको, आणि नाही गेले तर देवाची हाक नाकारल्यासारखं होईल का, असं विचारलंयस.

मैत्रिणीचं बोलणं तुला लागलंय ते कळतंय गं, पण ती खरं बोलतेय.

तू गेटमधून आत जाशील आणि तीन-चार वर्षांचं एखादं पोर धावत येऊन सरळ तुझ्या कडेवर चढेल, नाव-गाव काही माहीत नसताना, आणि तुला भरून येईल. पण घरात वाढणारं मूल अनोळखी माणसाला बघून आधी आईच्या मागे लपतं ना? सांभाळणारी माणसं सतत बदलत राहिली की मुलं येईल त्याच्या गळ्यात पडायला लागतात. मग तू निघतेस, पुढचा ग्रुप येतो, आणि त्या लेकराला परत एकदा कोणीतरी सोडून जातं.

दुसरं म्हणजे, अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, जिवंत असतात. कंबोडियात युनिसेफला चारातल्या जवळपास तीन मुलांच्या बाबतीत हेच दिसलं. मुलं तिथे पोचतात ती गरिबीमुळे, आणि पाहुणे अन देणग्या येत राहिल्या की मुलं आणून आश्रम भरणारेही निघतात. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत अमेरिकेतल्या बाप्टिस्ट चर्चच्या एका ग्रुपला ३३ मुलं सीमेपार नेताना पकडलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांचे आईबाप हयात होते. २०१९ मध्ये तर संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही अनाथाश्रमांतल्या व्हॉलंटिअरिंगमुळे होणारी हानी थांबवा असं देशांना सांगितलं.

आता हाकेबद्दल. तुझी हाक खोटी नाही, अजिबात नाही. पण बायबलमध्ये याकोबाच्या पत्रातलं १:२७ परत काढून वाच, तिथे अनाथांबरोबर विधवांचीही काळजी घ्यायला सांगितलंय. म्हणजे आईसुद्धा आहे गं! तिच्या हाताला काम मिळालं, मुलाच्या फीची सोय झाली, तर ते मूल आश्रमात जाणारच नाही, आणि मला तरी ही सेवा जास्त खरी वाटते.

त्यामुळे मुलांमध्ये राहायला जाऊ नकोस. आधी पास्टरना एकटीने भेट आणि शांतपणे विचार की किती मुलांचे पालक हयात आहेत, त्यांना घरी परत पाठवायचे काय प्रयत्न चाललेत, येणाऱ्यांची पोलीस तपासणी होते का. 'आपण प्रेम द्यायला चाललोय' एवढंच उत्तर आलं तर नाव मागे घे. मुलांना आपल्या किंवा नातेवाइकांच्या घरी परत नेणारं एखादं स्थानिक काम पास्टरना ठाऊक असेल तर सगळा ग्रुपच तिकडे वळवता येईल का तेही बोलून बघ.

आणि ज्यांनी पैसे दिलेत त्यांना लपवाछपवी न करता कळव, हे असं असं समजलं म्हणून मी जात नाहीये, पैसे परत हवेत की आईबापांना आधार देणाऱ्या कामाला देऊ. काही जण नाराज होतील, होऊ देत.

तुझी,
ताई