वाचकांचे प्रश्न : तिघींची निर्मिती संस्था आणि करारनामा

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी, राहणार रामबाग, इंदूर. अर्ध्या तासाच्या माहितीपटासाठी निर्मिती संस्था काढतोय. एक जण ३ लाख रुपये घालणार, दुसरीचा स्वतःचा कॅमेरा नि लेन्स आहेत, तिसरीने पटकथा लिहिलीय आणि संकलनही तीच करेल. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करायचं ठरलंय. करारनामा नेटवरून उतरवून घेतला तर चालेल ना?

उत्तर : एलएलपी योग्यच. साध्या भागीदारीत संस्थेच्या उधारीपायी पैसे वसूल करणारा तुमच्या घरापर्यंत पोचू शकतो, इथे सहसा नाही. नोंदणी ऑनलाइन होते, कंपन्यांचे निबंधक (नोंदणी अधिकारी) ग्वाल्हेरला असले तरी हेलपाटे नाहीत. घोळ होतो तो उतरवलेल्या नमुन्यात. करारात जे लिहिलेलं नसेल तिथे २००८च्या एलएलपी कायद्याची पहिली अनुसूची लागू होते : नफा-तोटा सारखा वाटायचा, प्रत्येकीला एक मत, आणि भागीदाराला कामाचं वेगळं मानधन नाही. म्हणजे तिसरी तीन महिने संकलनाला बसली तरी तिच्या हाती नफ्यातला तिसरा हिस्सा. माहितीपटाला नफा होतोच किती! तेव्हा तिच्या मानधनाची रक्कम आणि ती कधी द्यायची, हे आकड्यात लिहा.

कॅमेऱ्याचं त्याहून नाजूक. तो भांडवल म्हणून दिला तर त्याची किंमत सीए किंवा मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून ठरवून घ्यावी लागते आणि तो संस्थेचा होतो. पुढे मैत्रीण बाहेर पडली तर पैशांचा हिशेब मिळेल, कॅमेरा नाही. आमचं मत, भाड्यानेच घ्या. करारात असं वाक्य हवं : ‘सोबतच्या यादीतील कॅमेरा व लेन्स (सिरियल नंबरांसह) यांची मालकी भागीदार क्र. २ यांचीच राहील. संस्था दर दिवसाचे ठरलेले भाडे देईल. चित्रीकरणात झालेल्या नुकसानीची दुरुस्ती संस्था करील.’ लेन्सवर ओरखडा पडल्यावर हे वाक्य सुचून उपयोग नसतो.

पटकथा संस्था स्थापण्याआधी लिहिली, म्हणून ती लेखिकेचीच. हक्क संस्थेकडे यायला सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत नसेल तर कॉपीराइट कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. त्याहून वाईट म्हणजे मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, करारात वेगळं म्हटलं नसेल तर. माहितीपट रखडायला वर्ष कितीसं? ‘ही अट लागू राहणार नाही’ एवढी ओळ घाला.

एलएलपीचा करारनामा नोंदणीनंतर ३० दिवसांत निबंधकांकडे दाखल करायचा असतो. उशिराला दंड आहे.

प्रश्न : युनिटमध्ये बहुतेक आम्ही बायकाच. तरी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती लागेल?

उत्तर : माणसं १० किंवा जास्त असतील तर लागेल. स्पॉटवाला, ड्रायव्हर, रोजंदारीवरचा मदतनीस, सगळे मोजायचे. ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ या मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या महिलांच्या संघटनेच्या याचिकेवर केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली प्रत्येक चित्रपटाचं युनिट हेच कामाचं ठिकाण धरलं. समितीत अध्यक्ष म्हणून वरिष्ठ महिला, किमान दोन सदस्य आणि या विषयाची जाण असलेली बाहेरची एक व्यक्ती. निम्म्याहून कमी महिला नकोत. बाहेरची व्यक्ती शोधायलाच वेळ जातो, तिला चित्रीकरणाच्या तारखा ठरण्याआधीच विचारा. दहाच्या आत असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता कॉलशीटवर (युनिटला रोज वाटायच्या चित्रीकरणाच्या वेळापत्रकावर) छापा.