आईचे डॉक्टर पॅनलवर नाहीत, म्हणून पॉलिसी बदलायची का?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरहून एका वाचकाने लिहिलं आहे. आई ६६ वर्षांच्या, मधुमेह जुना, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलेला. १८ वर्षांपासून धंतोलीतल्या एकाच डॉक्टरांकडे जातात, पण त्यांचं छोटं नर्सिंग होम कुठल्याच विमा कंपनीच्या पॅनलवर, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या दवाखान्यांच्या यादीत, नाही. सात वर्षं जुन्या ५ लाखांच्या पॉलिसीचा प्रीमियम यंदा ३८ हजार आहे. एजंट २७ हजारांत १० लाखांची पॉलिसी दाखवतोय. तिची अट अशी, की पॅनलबाहेरच्या दवाखान्यात भरती झालात तर बिलाचे २० टक्के आपल्या खिशातून. ही घ्यावी, की विमाच बंद करून ते पैसे एफडीत ठेवावेत आणि आपल्या डॉक्टरांकडेच जावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

दोन्ही करू नका. जुनी पॉलिसी चालू ठेवा.

आधी एफडीचं बघू. दरवर्षी ३८ हजार टाकले आणि व्याज साडेसहा टक्के धरलं, तर दहा वर्षांनी साधारण साडेपाच लाख होतात. पण आईंना बायपास दहा वर्षं थांबून सांगून येणार नाही. दुसऱ्याच वर्षी वेळ आली तर हातात ८० हजारांच्या आसपास असतील. एकदा स्टेंट बसलेल्या माणसाची पॉलिसी सोडली की नवी मिळवणं किती कठीण जातं, हे मी रोज बघतो. तब्येतीचे कागद बघून कंपनी नाही म्हणू शकते.

आता एजंटची पॉलिसी. वर्षाला ११ हजार वाचतील हे खरं. पण आईंना रात्री छातीत दुखलं तर तुम्ही त्यांना धंतोलीतच नेणार, हे तुमच्या पत्रावरूनच दिसतं. बिल ४ लाख झालं तर ८० हजार तुमचे. सात वर्षांची बचत एका भरतीत संपली. शिवाय पोर्ट करताना, म्हणजे जुनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेताना, प्रतीक्षाकाळ (आधीच्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो काळ) जुन्या ५ लाखांपुरताच संपलेला धरतात. वाढवलेल्या ५ लाखांसाठी आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होतो, आणि तो ३ वर्षांपर्यंत असू शकतो.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी परत परत वाचली. आई एकादशी धरतात म्हणून डॉक्टर आदल्या दिवशी फोन करून शुगरची गोळी किती घ्यायची ते सांगतात. कुठल्याही पॅकेजमध्ये हा फोन नसतो. पॅनलवर यायचं म्हणजे प्रत्येक आजाराचे ठरलेले दर मान्य करायचे, कंपनीच्या शंकांना उत्तरं द्यायची आणि पैशांची वाट बघायची. लहान नर्सिंग होमला हे झेपत नाही, म्हणून अनेक चांगले डॉक्टर पॅनलबाहेर राहतात. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ठरलेल्या दरांमुळेच मोठ्या दवाखान्यात बिल बेसुमार फुगण्याला थोडा आळा बसतो. या दरांना नुसतं वाईट म्हणून चालत नाही.

माझ्या वडिलांच्या वेळचं सांगतो. मे महिना होता. डॉक्टरांनी सकाळी अकराला सुट्टी दिली, सलाइनची सुई निघाली, हातावर कापसाची पट्टी लागली. मग बिल मंजूर करण्याआधी कंपनीकडून प्रश्न आला, चौथा दिवस कशासाठी ठेवला? डॉक्टर ऑपरेशनमध्ये. बाबा चपला घालून पलंगाच्या कडेला संध्याकाळी सातपर्यंत बसून होते. दर अर्ध्या तासाने विचारायचे, झालं का रे? चौथा दिवस त्यांचा ताप उतरला नव्हता म्हणून होता, एवढं दोन ओळींचं पत्र शेवटी मोकळं झाल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलं. मला आजही वाटतं, ते पत्र आम्ही सकाळीच मागून ठेवायला हवं होतं.

त्यानंतर विमा नियामकाने २९ मे २०२४ च्या परिपत्रकात वेळा बांधून दिल्या. कॅशलेसची, म्हणजे कंपनी बिल थेट दवाखान्याला देते त्याची, पहिली मंजुरी एका तासात, डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्यापुढे दवाखान्याने जास्तीचं बिल लावलं तर ते कंपनीने सोसायचं. हे काउंटरवर शांतपणे सांगा.

तुमच्या डॉक्टरांकडे दोन वाटा आहेत. जानेवारी २०२४ पासून पॅनलबाहेरच्या दवाखान्यातही कॅशलेस मागता येतं. ठरवून भरती व्हायचं असेल तर कंपनीला ४८ तास आधी कळवायचं, तातडीची वेळ असेल तर भरती झाल्यापासून ४८ तासांत. दवाखाना तयार हवा आणि कंपनीचे निकष पाळणारा हवा. नाहीतर आधी आपण भरून नंतर रिइम्बर्समेंट. दोन्हींसाठी नर्सिंग होमची नोंदणी लागते, म्हणून डॉक्टरांकडून महापालिकेच्या नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स आजच घेऊन ठेवा. क्लेमच्या दिवशी त्यासाठी धावाधाव नको.

पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा बघा. ५ लाखांवर १ टक्का असेल तर दिवसाला ५ हजार. त्याहून महाग खोली घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही.

रिइम्बर्समेंटसाठी हाताशी रोकड लागते. तुमच्या एफडीचं काम इथे आहे. दीड-दोन लाख आईंच्या नावाने वेगळे ठेवा, लगेच मोडता येतील असे. धंतोलीची ओपीडी आणि औषधंही त्यातूनच. ५ लाख कमी वाटतात, हे मान्य. त्यावर ५ लाखांच्या डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षाच्या बिलांतले पहिले ५ लाख सोडून वरचा खर्च देणारी जोड-पॉलिसी, मिळते का ते विचारा. अर्जात स्टेंट लपवू नका, लपवलेला स्टेंट क्लेमच्या वेळी बाहेर येतोच. चार वर्षांनी आई ७० च्या झाल्या की उत्पन्न न बघता आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड निघतं, खासगी पॉलिसी असली तरी. ते मात्र त्या योजनेतल्या दवाखान्यांतच चालतं.

प्रीमियम वाढत जाईल ही तुमची भीती रास्त आहे. ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, हे जानेवारी २०२५ पासून. रिन्यूअलच्या नोटिशीत जीएसटी लावलेला नाही ना, तेही तपासा. वैयक्तिक आरोग्य विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो नाही. जुनी करप्रणाली घेत असाल तर आईंच्या प्रीमियमवर आयकरात ५० हजारांपर्यंत वजावट आहे.

एजंटला नाही म्हणून सांगा आणि रिन्यूअल तारखेच्या आत भरा. डॉक्टरांना भेटाल तेव्हा झेरॉक्ससोबत आईंच्या आजारांचा, चालू गोळ्यांचा एक पानी सारांश त्यांच्या सहीने मागून घ्या. रात्री दुसऱ्या दवाखान्यात न्यावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांच्या हातात आधी ते पान द्या, विम्याचं कार्ड नंतर.