लीगच्या कारभारात येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी

मैदान गाजवले की लीगच्या कारभाराचे दार आपोआप उघडते, हा समज तुम्ही आधी सोडून द्यावा. व्हॅल ॲकरमन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळल्या, फ्रान्समध्ये व्यावसायिक म्हणूनही खेळल्या. परंतु १९८८ मध्ये एनबीए या अमेरिकेतील पुरुषांच्या बास्केटबॉल लीगमध्ये त्यांना प्रवेश मिळाला तो वकील म्हणून, आणि तिथूनच पुढे त्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या बास्केटबॉल लीगच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. म्हणून प्रक्षेपण हक्कांचा करार कलमवार वाचायला शिका. पैसे किती हप्त्यांत येणार आणि सामना रद्द झाल्यास तोटा कोणी सोसायचा, हे तिथेच ठरते. उद्घाटन सोहळ्याचे काम बहुधा बायकांच्याच गळ्यात पडते. ते एकदा आनंदाने करावे, दरवर्षी मात्र नव्हे. महिला प्रीमियर लीगचे पहिल्या पाच हंगामांचे माध्यम हक्क ९५१ कोटी रुपयांना गेले. अभ्यासाची सुरुवात त्या व्यवहारापासून करा.