कूपनलिकेत द्रावक सापडल्यावर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या वस्तीला तीन कूपनलिकांचे पाणी मिळते. त्यांपैकी एकीच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन हे औद्योगिक द्रावक लिटरमागे १८ मायक्रोग्रॅम आढळले आहे. पाण्याला वास नाही, चवही बदललेली नाही. काही रहिवासी म्हणतात की पाणी उकळून प्यावे, तेवढे पुरे. पाणी समितीतील काहींना मात्र ती कूपनलिका कायमची बंद करावी असे वाटते. योग्य काय?

उत्तर : आधी आकड्याविषयी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी या द्रावकाची कमाल मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने आपली पूर्वीची २० मायक्रोग्रॅमची मार्गदर्शक पातळी फेरआढाव्यानंतर ८ वर आणली आहे. आपल्याकडील १८ हा आकडा या दोन्हींहून जास्त आहे. हे द्रावक यंत्रांच्या सुट्या भागांवरील तेल आणि ग्रीस काढण्यासाठी अनेक दशके सर्रास वापरले गेले. २०१२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात केला, आणि त्यामागे मुख्यतः मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा पुरावा होता. या मात्रेत पेलाभर पाणी प्यायल्याने कोणी आजारी पडणार नाही. धोका आहे तो वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात जाण्याचा. वासावर तर मुळीच विसंबू नये, कारण नाकाला जाणवण्याच्या कितीतरी आधीच मर्यादा ओलांडलेली असते.

अहवाल हाती आल्यानंतरची दिरंगाई किती महाग पडते, याचे उदाहरण अमेरिकेतील कॅम्प लेजून या लष्करी तळाचे आहे. तेथील नळाच्या पाण्यात १९८२ साली हेच द्रावक लिटरमागे १,४०० मायक्रोग्रॅमपर्यंत मोजले गेले होते; तरीही सर्वाधिक दूषित विहिरी बंद व्हायला १९८४ ची अखेर आणि १९८५ ची सुरुवात उजाडली. तोवर सैनिकांची कुटुंबे तेच पाणी पीत राहिली. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की त्या कूपनलिकेचे पाणी आजच पिण्याच्या साठ्यापासून तोडावे, विशेषतः गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले असलेल्या घरांना दुसऱ्या स्रोताचे पाणी द्यावे, आणि उरलेल्या दोन कूपनलिकांची तपासणी लगेच करून घ्यावी.

उकळण्याने जंतू मरतात, पण द्रावकाचे गणित वेगळे आहे. ते पाण्यातून निघून स्वयंपाकघरातील हवेत मिसळते आणि श्वासावाटे शरीरात जाते. गरम पाण्याच्या अंघोळीतही हेच घडते, त्यामुळे केवळ पिण्याचे पाणी बदलले म्हणजे संपर्क संपला, असे समजू नये. क्लोरीन आणि तुरटी यांचा येथे उपयोग नाही.

कूपनलिका कायमची बंद करण्याबाबत मात्र थांबून विचार करावा. तिचा पंप चालू असतो तेव्हा भूजलातील दूषित पट्टा तिच्याकडे ओढला जात असतो. पंप बंद पडला की तो पट्टा भूजलाच्या उतारानुसार पुढे सरकतो, आणि पुढे आपल्याच उरलेल्या दोन कूपनलिका असू शकतात. भूजलतज्ज्ञाकडून प्रवाहाची दिशा निश्चित करून घेईपर्यंत पंप चालू ठेवणे आणि उपसलेले पाणी शुद्ध करूनच सोडणे बहुधा अधिक सुरक्षित ठरते.

हे शुद्धीकरण अवघड नाही. द्रावकाचा उडून जाण्याचा जो गुण घरात घातक ठरतो, तोच येथे कामी येतो. उंच मनोऱ्यात प्लॅस्टिकचे जाळीदार तुकडे भरलेले असतात. पाणी वरून त्यांच्यावर पसरून खाली झिरपते, खालून पंखा हवा ढकलतो, आणि द्रावक पाणी सोडून हवेबरोबर वर निघून जाते. नीट आखलेला मनोरा ९९ टक्क्यांहून अधिक द्रावक काढतो. पाण्यात लोह किंवा क्षार जास्त असतील तर त्या तुकड्यांवर थर चढतो आणि कार्यक्षमता घसरते, त्यामुळे साफसफाईची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात हवी. मनोऱ्याजवळ घरे असतील तर बाहेर पडणारी हवाही कार्बनमधून गाळावी.

दुसरा मार्ग सक्रिय कार्बनच्या, म्हणजे द्रावक धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र कोळशाच्या, टाक्यांचा. त्या नेहमी दोन असाव्यात, एकीमागून एक जोडलेल्या, आणि दोघींच्या मध्ये नमुना घेण्याचा नळ असावा. व्यवस्थेची खरी स्थिती हा मधला नळ सांगतो. तेथे द्रावक दिसू लागले की पहिल्या टाकीचा कार्बन संपत आला असे समजावे. तो बदलून ती टाकी मागे घ्यावी आणि दुसरीला पुढे आणावे. केवळ शेवटच्या नळाचे पाणी तपासणाऱ्या समितीला बिघाड कळतो तोपर्यंत पाणी घरोघरी पोहोचलेले असते.

प्रश्न : शुद्धीकरण सुरू होऊन दोन वर्षे झाली की व्यवस्था बंद करता येईल का? तोपर्यंत जमिनीतील द्रावक संपलेले असेल ना?

उत्तर : दुर्दैवाने, तसे गृहीत धरता येत नाही. नळाचे पाणी काही महिन्यांत सुरक्षित करता येते, पण जमीन स्वच्छ व्हायला दशके लागू शकतात, आणि या दोन कामांची गल्लत झाली की निर्णय चुकतात.

एक लिटर ट्रायक्लोरोएथिलीनचे वजन सुमारे १.४६ किलो भरते. पाण्याहून जड असल्याने सांडलेले द्रावक भूजलाच्या पातळीवर न थांबता खाली उतरत जाते आणि चिकणमातीच्या थरावर साचते. ते पाण्यात अगदी सावकाश विरघळते, पण मर्यादा इतकी कडक आहे की तेवढे एक लिटर द्रावक सुमारे २९ कोटी लिटर पाणी ५ मायक्रोग्रॅमच्या पातळीपर्यंत नेण्यास पुरेसे आहे. शिवाय काही भाग चिकणमातीत मुरतो आणि भोवतालचे पाणी स्वच्छ झाल्यावर हळूहळू परत बाहेर येऊ लागतो. म्हणूनच पंप थांबवल्यावर काही महिन्यांनी आकडे पुन्हा चढतात. अमेरिकेतील नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने १९९४ साली उपसा करून शुद्धीकरण चाललेल्या ७७ ठिकाणांचा आढावा घेतला, तेव्हा ६९ ठिकाणी ठरवलेले उद्दिष्ट गाठले गेलेले नव्हते.

त्यामुळे उगमावर वेगळे काम करावे लागते. भूजलाच्या वरच्या कोरड्या मातीतील वाफ निर्वात पंपाने ओढून घेता येते, खोलवर परमँगनेट हे ऑक्सिडीकारक रसायन सोडून द्रावकाचे विघटन करता येते, दूषित पट्ट्याच्या वाटेत द्रावकाचे विघटन करणारी लोहाच्या भुकटीची भिंत उभारता येते. डिहॅलोकोकॉइड्स नावाचे जिवाणू तर या द्रावकातील क्लोरीन एकेक करून काढत त्याचे निरुपद्रवी एथिलीन करतात. मात्र या वाटेत व्हिनाइल क्लोराइड तयार होते, जे मूळ द्रावकाहून अधिक घातक असून त्याची अमेरिकेतील मर्यादा अवघी २ मायक्रोग्रॅम आहे. पोषण अपुरे पडून जिवाणूंचे काम अर्धवट राहिले, तर अहवालात ट्रायक्लोरोएथिलीन घटलेले दिसते आणि पाणी मात्र अधिक धोक्याचे झालेले असते.

प्रश्न : नमुना आम्हीच स्वच्छ बाटलीत भरून प्रयोगशाळेत दिला तर चालेल का?

उत्तर : बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी, आणि शक्य असल्यास नमुनाही त्यांच्याच माणसाने घ्यावा. त्यासाठी ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या वापरतात. नळाची धार बारीक ठेवून कुपी काठोकाठ भरायची, पाण्याचा फुगवटा काठावर दिसू लागला की झाकण घट्ट लावायचे, मग कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला तर तो नमुना रद्द करून नवा घ्यावा, कारण द्रावक त्या बुडबुड्यात निघून जाते आणि मोजमाप प्रत्यक्षाहून कमी येते. पाण्याच्या साध्या बाटलीत अर्धवट भरून नेलेल्या नमुन्याचा समाधानकारक अहवाल म्हणूनच विश्वासार्ह नसतो. कुप्या बर्फात ठेवून पोहोचवाव्यात. मागणीपत्रात ट्रायक्लोरोएथिलीनबरोबर परक्लोरोएथिलीन हे त्याच कुळातील द्रावक, तसेच विघटनाच्या वाटेत तयार होणारे सिस-डायक्लोरोएथिलीन आणि व्हिनाइल क्लोराइड यांचीही नावे लिहावीत, आणि प्रत्येक पदार्थ किती मात्रेपर्यंत मोजता येतो हे अहवालात नमूद करण्यास सांगावे. ही पातळी मर्यादेच्या वर असेल तर ‘आढळले नाही’ या शेऱ्याला अर्थ उरत नाही.