आजोबांचं पाप माझ्या बाळाला भोवेल का?

पाच महिन्यांची गरोदर असलेली एक स्त्री समुपदेशनासाठी हा प्रश्न घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आजोबांनी खोट्या सहीनं सख्ख्या भावाचा हिस्सा बळकावलेला, वडील दारूपायी गेलेले, धाकटा भाऊ त्याच वाटेवर. तशात प्रार्थनेला आलेल्या कुणीतरी सांगितलं, ‘हा पिढीचा शाप आहे, बायबलमधलं निर्गम 20:5 वाचा.’ बापाच्या पापाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचतं, असं ते वचन. त्यांनी बोटांवर मोजलं: आजोबा, वडील, आपण, आणि चौथं पोटातलं बाळ. झोप उडाली ती तेव्हापासून.

‘ख्रिस्तात सगळं नवं झालं, काळजी सोडा’ असं पहिल्याच बैठकीत सांगणं ही नेहमी होणारी चूक. वाक्य खरं आहे, पण त्यानं माणूस गप्प होतो आणि भीती आत तशीच राहते. म्हणून आधी झोप, भूक, रडू येणं यांची चौकशी केली आणि हे सगळं डॉक्टरांच्याही कानावर घालायला सांगितलं. मग वचन उघडलं, तेही पूर्ण. पाचव्या वचनातच ‘माझा द्वेष करणाऱ्यांच्या’ अशी अट आहे, आणि सहाव्यात देवावर प्रीती करणाऱ्यांच्या हजारोंवर दया. तीन-चार कुठे आणि हजारो कुठे! हे सहावं वचन त्यांना कुणी वाचून दाखवलंच नव्हतं. पुढे अनुवाद 24:16: बापाच्या पापासाठी मुलाला देहदंड नको, ज्याचं पाप त्यालाच शासन. राजा अमस्यानं याच नियमानं आपल्या वडिलांच्या मारेकऱ्यांची मुलं जिवंत ठेवली (2 राजे 14:6). आणि जन्मांध माणसाबद्दल ‘पाप कुणाचं, याचं की आईबापांचं?’ असं शिष्यांनी विचारलं, तेव्हा येशूनं दोन्ही नाकारलं (योहान 9:3).

दुसऱ्या बैठकीत घराण्याचा तक्ता काढला. मोठा कागद, तीन पिढ्या, पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ. प्रत्येकापुढे तीन रकाने: काय घडलं, त्याची झळ कुणाला बसली, घरात त्याबद्दल काय बोललं गेलं. तिसरा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा राहिला. दुखणं तिथं होतं.

दोष वारशानं येत नाही. वळण येतं, आणि झाकलेलं वळण जास्तच. अब्राहामानं बायकोला दोनदा बहीण म्हणवलं (उत्पत्ती 12 व 20), त्याचा मुलगा इसहाकानं तेच केलं (26). इसहाकाचा मुलगा याकोबानं करडांची कातडी लावून आंधळ्या बापाला फसवलं, आणि याकोबाच्या मुलांनी बकऱ्याच्या रक्तात भाऊ योसेफाचा अंगरखा बुडवून याकोबाला. मुलगा अम्नोनानं सावत्र बहीण तामारीवर बलात्कार केला, तेव्हा राजा दावीद त्याच्यावर संतापला, पण त्यापुढे त्यानं काही केल्याचं लिहिलेलं नाही. दोन वर्षांनी तामारीचा सख्खा भाऊ अबशालोम यानं अम्नोनाला मारवलं.

यहेज्केल 18 मध्ये मात्र ही साखळी तुटते. नीतिमान आजोबा, हिंसक मुलगा, आणि नातू. हा नातू बापाची पापं पाहतो आणि तसं करत नाही (वचन 14). आधी पाहतो, हे महत्त्वाचं.

प्रार्थनेत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागल्या. पूर्वजांनी केलं ते अन्यायाचं होतं ही कबुली, जशी नहेम्या 9:2 मध्ये आहे. आणि स्वतःच्या पापांची क्षमा. पहिलीत ‘मला क्षमा कर’ घुसलं की आजोबांचा दोष पुन्हा नातीच्या डोक्यावर येतो. भरपाईचा नियम आहे, मुद्दल अधिक पाचवा हिस्सा (गणना 5:7), पण तो अपराध करणाऱ्यासाठी. आजोबांनी बळकावलेल्या हिश्शातलं काही यांच्या हाती आलं होतं का, ते नवऱ्याबरोबर आणि वकिलाबरोबर कागद बघून ठरवायचं होतं, भीतीच्या भरात नव्हे. भावाला प्रार्थनेबरोबर व्यसनमुक्तीचे उपचारही हवेत, हे स्पष्ट सांगितलं. आणि शाप काढायचे कुणी पैसे मागितले तर तिथून उठून यावं.

सातव्या महिन्यात त्यांनी चुलत आत्याला चार ओळींचं पत्र लिहिलं: आजोबांचं चुकलं, ते आम्हाला ठाऊक होतं, आम्ही बोललो नाही. उत्तर आलेलं नाही. तिसऱ्या रकान्यात आता पहिली नोंद आहे, त्यांच्या आईनं स्वतः सांगितलेली.